कोकणातील जुन्या गावात घरगुती निवास आणि न्याहारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती निवास म्हणजे नेमके काय, आणि तो हॉटेलपेक्षा वेगळा कसा?

ज्या घरात यजमानांचे कुटुंब स्वतः राहते, त्याच घरातील किंवा त्याच आवारातील काही खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात आणि सकाळची न्याहारी घरच्याच स्वयंपाकघरातून येते, त्याला घरगुती निवास म्हणावे. केंद्र सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणीसाठी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६ खोल्या अशी मर्यादा आहे आणि मालकाचे कुटुंब तेथे राहत असले पाहिजे, अशी अट आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेही अशीच योजना राबवलेली आहे. व्यवहारात मात्र किनाऱ्यावरची पंधरा-वीस खोल्यांची लॉजेही स्वतःला ‘घरगुती’ म्हणवून घेतात. म्हणून फोन करताना ‘तुम्ही तेथेच राहता का, आणि स्वयंपाक कोण करते?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तरावरून बरेच समजते.

‘जुने गाव’ म्हणजे कोणती गावे समजावीत?

उत्तरेकडून पाहत आलो, तर पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव श्रीवर्धन, बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास, दापोली तालुक्यातील केळशी, आंजर्ले आणि महर्षी धोंडो केशव कर्वे जेथे वाढले ते मुरूड, व्याडेश्वराचे गुहागर, केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड, राजापूर तालुक्यात कनकादित्याचे काशेळी आणि महाकालीचे आडिवरे, आणि कुडाळजवळ लक्ष्मीनारायणाच्या देवळाला व तळ्याला लागून वसलेले वालावल, ही नावे सहज आठवतात. यादी याहून पुष्कळ लांब होईल.

या गावांचे जुनेपण एखाद्या स्मारकात शोधू नये. ते वस्तीच्या रचनेत आहे. दोन्ही बाजूंना गडगे म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, मधून जांभ्याच्या (तांबड्या सच्छिद्र दगडाच्या) चिऱ्यांची पाखाडी म्हणजे फरसबंद पायवाट, प्रत्येक घरामागे वाडी म्हणजे बाग, वाडीत माड-पोफळी आणि त्यांना पाणी देणारी विहीर, गावाच्या मध्यभागी किंवा वेशीजवळ ग्रामदेवतेचे देऊळ. ही रचना आजही वापरात आहे, आणि म्हणूनच ती पाहण्यासाठी तेथे रात्र काढावी लागते. दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला समुद्र दिसतो, गाव क्वचितच दिसते.

घर जुने असेल, तर राहण्याची सोय कितपत असते?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देणे योग्य होईल.

कोकणातील जुने घर बहुधा जांभ्याचे असते. खाणीतून नुकताच काढलेला जांभा तुलनेने मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो, त्यामुळे त्याचे चौकोनी चिरे कापणे सोपे जाते आणि भिंत मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. वर लाकडी वासे आणि उतरते छप्पर असते. त्यावर पूर्वी गावठी नळे, म्हणजे नळीच्या आकाराची कौले असत. बासल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यानंतर हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर मंगलोरी कौले आली. अंगण, मग ओटी किंवा पडवी, मग माजघर आणि देवघर, मागे स्वयंपाकघर, आणि मागील दारी विहीर व न्हाणीघर असा क्रम साधारणपणे आढळतो. जाड भिंती आणि उंच छप्पर यांमुळे मे महिन्याच्या दुपारीही माजघरात बरा गारवा असतो.

या रचनेच्या काही मर्यादा आहेत आणि त्या आधीच माहीत असाव्यात. कौलांखालच्या खोलीत वातानुकूलन यंत्र नीट चालत नाही, कारण हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. ज्यांना ते आवश्यक वाटते, त्यांनी आवारात नव्याने बांधलेली स्लॅबची खोली मागून घ्यावी. माडीवर जाणारा जिना अरुंद व चढा असतो. भिंती माळ्यापर्यंत गेलेल्या नसतील, तर शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येते. दाराची उंची कमी असते, त्यामुळे पहिल्या दिवशी उंच माणसाने जपून वावरावे. पाली, कोळी आणि पावसाळ्यात किडे दिसणारच. त्यासाठी मच्छरदाणी असते आणि ती लावूनच झोपावे.

स्नानगृह व शौचालय आता बहुतेक घरांत खोलीला जोडून बांधलेले आहे, काही घरांत ते अजून मागील दारी आहे. गरम पाणी कोठे सौर बंबाचे, कोठे विजेचे, तर कोठे अजून चुलीवरच्या हंड्याचे असते. हंड्याचे असेल, तर सकाळी किती वाजता लागेल ते रात्रीच सांगून ठेवावे, कारण वाडीतल्या झावळ्या आणि नारळाची सोडणे (वरची साले) पेटवून पाणी तापायला वेळ लागतो.

न्याहारीला काय मिळते?

जे त्या घरात, त्या ऋतूत होते, ते मिळते. दापोली-गुहागरकडच्या घरांत तांदळाची घावने आणि नारळाची चटणी, दडपे पोहे, किंवा मऊभात, मेतकूट, तूप आणि लोणचे असा बेत असतो. सिंधुदुर्गात आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) किंवा खापरोळी मिळते. एप्रिल-मे मध्ये बरक्या फणसाच्या रसातली सांदणे होतात. श्रावणात हळदीच्या पानातले पातोळे होतात. ते पान उकडताना सुटणारा वास ज्याने एकदा घेतला, तो पुढच्या श्रावणात पुन्हा चौकशी करतोच.

येथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी. घावनाचे पीठ तांदूळ भिजवून वाटले की लगेच घालता येते, पण आंबोळीचे पीठ आदल्या रात्री आंबवून ठेवावे लागते आणि शिरवाळ्यांना सोऱ्या चालवण्यासाठी दुसरा हात लागतो. त्यामुळे काय हवे आणि किती जण जेवणार, हे आदल्या संध्याकाळी सांगणे आवश्यक असते. सकाळी नऊ वाजता उठून ‘आज आंबोळी करा’ असे सांगितले, तर काकू नाही म्हणणार नाहीत कदाचित, पण ती होणारही नाही. ब्रेड-ऑम्लेटची मागणी करू नये असे कोणी म्हणत नाही. मात्र ते सर्वत्र मिळते आणि हे मिळत नाही.

खोलीच्या भाड्यात बहुधा चहा व न्याहारी धरलेली असते. दोन वेळचे जेवण ताटामागे वेगळे आकारले जाते. लहान मुलांसाठी कमी तिखट, मधुमेह असणाऱ्यांसाठी गोडाशिवायचे, उपवासाचे, हे सगळे आधी सांगितल्यास आनंदाने केले जाते. शेंगदाणे, काजू किंवा नारळ यांची अॅलर्जी असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत आणि ठरवतानाच सांगावे, कारण कोकणी स्वयंपाकात नारळ टाळणे ही मोठी गोष्ट आहे.

मासे मिळतात का?

घराघरावर अवलंबून आहे. मुरूड, आंजर्ले, गुहागर यांसारख्या गावांतील अनेक घरांत केवळ शाकाहारी स्वयंपाक होतो आणि बाहेरून आणलेले मासेही घरात चालत नाहीत. जेथे मासे होतात, तेथेही सोमवार, संकष्टी, एकादशी आणि संपूर्ण श्रावण पाळला जाण्याची शक्यता असते. याशिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ आहे. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये; सुक्या बांगड्याची किंवा सुकटाची चव त्याच दिवसांत, गरम भात आणि सोलकढीबरोबर कळते. हंगामात दापोलीकडे असाल, तर हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव यजमानांपैकी कोणाबरोबर तरी पाहून यावा.

कोणत्या महिन्यात यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा आहे. त्यातही सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार रंगतो. जत्रेच्या रात्री गावात मुक्काम असावा, असे आवर्जून सुचवावेसे वाटते. एप्रिल-मे मध्ये उकाडा आणि घाम आहे, पण आंबा, फणस, काजू, करवंदे आणि जांभळे त्याच वेळी आहेत. पावसाळ्यात रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भातलावणी, ओढे, हिरवे सडे (जांभ्याची उघडी पठारे) हे सगळे पाहण्यासारखे असते, परंतु त्या दिवसांत समुद्रात उतरता येत नाही, वीज वरचेवर जाते आणि कपडे वाळत नाहीत. अनेक घरे जून-जुलैत पाहुणे घेतच नाहीत.

दोन सणांविषयी वेगळे सांगायला हवे. गणेशोत्सवात मुंबई-पुण्याहून घरची माणसे येतात आणि घरातली प्रत्येक खोली त्यांना लागते. त्या दिवसांत खोली मिळत नाही, आणि ती मिळावी म्हणून दुप्पट पैसे देऊ करणेही बरे दिसत नाही. शिमग्याचे तसे नाही. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, अंगण सारवले जाते, ओटी भरली जाते, गाऱ्हाणे घातले जाते, म्हणजे देवाला साकडे घातले जाते, आणि पाहुण्यालाही त्यात उभे राहता येते. पालखी गावातल्या कोणत्या वाडीत (वस्तीत) कोणत्या दिवशी येणार, हे प्रत्येक गावाचे वेगळे असते, म्हणून तारीख यजमानांनाच विचारावी. खांद्यावर पालखी घेण्याचे मान ठरलेले असतात. बोलावल्याशिवाय पुढे होऊ नये.

वेळासला कासवांची पिल्ले पाहण्यासाठी कधी जावे आणि तेथे काय पाळावे?

ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. म्हणून फेब्रुवारी अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ योग्य ठरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन येथे संरक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी जी अंडी चोरीला जात असत, ती आता कुंपण घातलेल्या जागेत हलवून राखली जातात आणि पिल्ले सकाळी व संध्याकाळी समुद्राकडे सोडली जातात. पाहायला येणाऱ्यांची राहण्याची सोय गावातल्या घरांनीच केली. घरगुती निवास आणि गावाचा निसर्ग एकमेकांना कसे तारू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण कोकणात दाखवता येणार नाही.

ही कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिल्लांना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये, दोरीच्या आत जाऊ नये. त्या दिवशी एकही पिल्लू बाहेर येणार नाही, अशीही शक्यता असते. त्याचा दोष यजमानांना देऊ नये. दोन रात्रींचा मुक्काम ठेवल्यास शक्यता वाढते.

गावात कसे पोहोचावे?

कोकण रेल्वे सर्वांत सोयीची आहे. दापोली-मंडणगडकडे जाण्यासाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मालगुंडसाठी रत्नागिरी, काशेळी-आडिवऱ्यासाठी रत्नागिरी किंवा राजापूर रोड, वालावलसाठी कुडाळ ही स्थानके सोयीची पडतात. स्थानके गावांपासून बरीच दूर आहेत, त्यामुळे पुढच्या वाहनाची व्यवस्था आधी ठरवावी. पावसाळ्यात रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हे परतीचे तिकीट काढताना विसरू नये.

एसटीने जायचे असेल, तर वस्तीच्या गाडीची चौकशी करावी. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तेथेच थांबते आणि पहाटे निघते.

स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांनी नकाशावरच्या अंतरावर विसंबू नये. मध्ये खाड्या आहेत. गुहागरकडून मालगुंडला जायचे, तर तवसाळ-जयगड फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी पार करता येते. बोट चुकली, तर मोठा वळसा पडतो. वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ-धोपावे आणि बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडले या फेऱ्याही मोटारी नेतात. शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी विचारून घ्यावी. घाट उतरून येणाऱ्यांनी पावसाळ्यात घाट चालू आहे की नाही, याची खात्री करूनच निघावे. आणि अखेरचा टप्पा पाखाडीचा असू शकतो. मोटार देवळापाशी ठेवून सामान हातात घेऊन चालावे लागते, म्हणून चाकांच्या मोठ्या बॅगा आणू नयेत.

देऊळ, देवराई आणि कातळशिल्पे पाहताना कोणती काळजी घ्यावी?

गावची देवळे पूजेची आहेत. काही ठिकाणी गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय प्रवेश नसतो, काही ठिकाणी देवाला कौल लावण्याचे, म्हणजे त्याची संमती विचारण्याचे काम चालू असते. अशा वेळी बाहेर थांबावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. देवराईतून, म्हणजे देवासाठी राखलेल्या जंगलातून, वाळकी काटकीही उचलायची नाही, हा नियम गावकरी स्वतः पाळतात आणि पाहुण्याकडूनही तीच अपेक्षा असते.

कातळशिल्पांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या आणि भौमितिक आकृत्या आहेत. उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी येथील शिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. काशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की, एका बाजूला उभे राहून तो पूर्ण नजरेत येत नाही. या आकृत्या जमिनीवर आडव्या आहेत आणि सड्यावर वाट अशी आखलेली नसते, त्यामुळे नकळत त्यांच्यावर पाय पडतो. चपला घालून आकृतीवर चढणे, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा पाणी वापरणे, वर गाडी नेणे हे सगळे टाळलेच पाहिजे. गावातील माहीतगार माणूस बरोबर घ्यावा आणि त्याला त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर गेल्यास तिरप्या उन्हात कोरीव काम स्पष्ट दिसते.

साप आणि समुद्र यांची भीती बाळगावी का?

भीती नको, सावधगिरी हवी. कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि विशेषतः जांभ्याच्या दगडांत राहणारे फुरसे आढळते. फुरसे लहान असते आणि मातीच्या रंगात मिसळून जाते. अंधारात विजेरी घेतल्याशिवाय अंगणातही जाऊ नये, गडग्याच्या फटीत हात घालू नये, बाहेर ठेवलेल्या चपला-बूट झटकून घालावेत. दंश झाल्यास चिरा देणे, करकचून बांधणे, मंत्र-उतारा यांत वेळ न घालवता यजमानांना उठवावे आणि रुग्णाला न चालवता सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील प्रतिविष हाच उपचार आहे.

बहुतेक गावांच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. कोठे पाणी ओढते आणि कोठे खडक आहेत, हे गावकऱ्यांना माहीत असते. त्यांनी ‘इथे उतरू नका’ म्हटले की उतरू नये. ओहोटीच्या वेळी उतरू नये, आणि मोटार वाळूत नेऊ नये.

मोबाईलची रेंज, पैसे आणि ओळखपत्र यांचे काय?

रेंज वाडीगणिक बदलते. एका घरात एका कंपनीचे नेटवर्क असते, शंभर पावलांवर नसते, म्हणून मोबाईलवरून पैसे देण्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये आणि थोडी रोख रक्कम बाळगावी. घरून काम करण्याच्या विचाराने येणार असाल, तर वायफाय आहे का एवढेच न विचारता वीज गेल्यावर ते चालते का, हेही विचारावे. ओळखपत्र सर्व प्रौढांचे लागते. पाहुणे परदेशी नागरिक असतील, तर यजमानांना त्यांची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते; त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा दाखवण्यास संकोच करू नये.

मद्यपान आणि संगीत चालते का?

बहुतेक घरांत चालत नाही. घरात देवघर आहे, आजी-आजोबा आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत. रात्री दहानंतर अंगणात मोठ्याने बोलणेही सगळ्या वाडीला ऐकू जाते. ज्यांना मोकळेपणाने मेजवानी करायची आहे, त्यांच्यासाठी किनाऱ्यावर वेगळ्या जागा आहेत आणि त्या निवडण्यात काहीही गैर नाही.

खोली साधी असूनही भाडे कमी का नसते?

जुने घर उभे ठेवणे महाग असते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते, म्हणजे कौले उतरवून, फुटलेली बदलून, कुजलेले वासे काढून छप्पर पुन्हा घालावे लागते. हे काम जाणणारी माणसे गावात कमी होत चालली आहेत आणि त्यांची मजुरी वाढली आहे, जे योग्यच आहे. घर बंद राहिले, तर एक-दोन पावसाळ्यांत वाळवी लागते आणि भिंतीत पाणी मुरते. कोकणात अशी कुलूप लावलेली, माणसे मुंबईत असलेली घरे प्रत्येक वाडीत दिसतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांतील घरांवरची कौले तर उडालीच, पण माड-पोफळीच्या वाड्याही आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली, तर सुपारी धरायला काही वर्षे जातात. तोपर्यंत वाडीचे उत्पन्न थांबले, तरी घर चालवायचे असते. अशा घराला पाहुण्यांच्या भाड्याचा आधार किती मोठा असतो, हे लक्षात घेतले, तर घासाघीस करण्याची इच्छा राहणार नाही. दर आधी स्पष्ट विचारावा, पटला तर ठरवावे, आणि ठरल्यावर तो पूर्ण द्यावा. येणे रद्द झाल्यास निदान दोन दिवस आधी कळवावे, कारण तुमच्यासाठी राखलेली खोली दुसऱ्याला नाकारलेली असते आणि बाजारहाटही झालेला असतो.

लहान मुले आणि वृद्ध माणसे यांना घेऊन यावे का?

अवश्य यावे. फक्त विहिरीचा कठडा किती उंच आहे, ते पाहून मुलांना ताकीद द्यावी, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळमजल्यावरची, पाखाडीच्या पायऱ्या कमी चढाव्या लागतील अशी खोली मागावी.

परतताना घरून आंबे किंवा इतर वस्तू विकत घेता येतात का?

येतात, आणि घ्याव्यात. आमसूल, कोकम आगळ, कुळथाचे पीठ, तांदळाचे पोहे, फणसपोळी, आंबापोळी, काजू या वस्तू बहुतेक घरांत किंवा शेजारी मिळतात. पोळ्या मे महिन्यात उन्हात वाळवलेल्या असतात, म्हणून पावसाळ्यानंतर त्या संपत येतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातल्या आंब्यालाच त्या नावाने विकण्याचा अधिकार आहे. बागेतून घेताना आंबा हिरवा, पण तयार झालेला घ्यावा. पेटीत पेंढा घालून तो भरून मिळतो. घरी पोहोचल्यावर पेटी बंद न ठेवता आंबे पेंढ्यावर एका थरात, देठाकडची बाजू खाली करून पसरावेत, रोज पाहून पिवळे झालेले बाजूला काढावेत आणि पूर्ण पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नयेत. मागणी मात्र मुक्काम ठरवतानाच नोंदवावी, कारण काढणी झाडावरच्या फळाच्या तयारीप्रमाणे होते आणि निघायच्या सकाळी सांगितले, तर यजमानांच्या हातात काही नसते.